उलटं कपाट

वर्षश्राद्धाची जेवणावळ उठली, आणि दमयंतीबाई शेजाऱ्यांची भांडी वेगळी काढून ठेवत असतानाच नृसिंहांनी विषय काढला.

"वहिनी, आता दुकानाचं काय?"

दमयंतीबाईंनी मान वर केली नाही. "काय म्हणजे? उघडायचं."

"ते झालंच. पण गादीवर कोण बसणार?"

"मी."

नृसिंह म्हणजे धाकटे दीर. नगरच्या कचेरीत नकला करण्याचं काम करत. दिवसभर दुसऱ्यांचे निकाल उतरवून घेतल्यामुळे असेल, पण घरातही ते निकाल वाचून दाखवल्यासारखंच बोलत. त्यांनी घसा साफ केला.

"तुम्ही बसा हो. माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं लोकांचं आहे. मंगळसूत्र तुमच्या हातून कोण घेईल?"

हे त्यांनी अगदी हळू, मायेनं म्हटलं. त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर बाईंना इतका संताप आला नसता. हातातलं पातेलं त्यांनी भलत्याच ढिगावर ठेवलं आणि मग ते उचलून परत जागेवर ठेवलं.

सराफ बाजारातलं देवकुळ्यांचं दुकान शामकांतांनी स्वतः काढलेलं होतं. बाप जामखेडच्या बाजूला भिक्षुकी करणारा; पण मुलाला पोथीपेक्षा काटा आवडला. लग्न होऊन दमयंती आली तीही भिक्षुकाचीच लेक. तिला नवऱ्यानं गुंजेनं तोलायला शिकवलं, कसोटीवर सोन्याची रेघ ओढून बघायला शिकवलं. पुढं शामकांतांना दम्यानं धरलं. शेवटची दोन-तीन वर्षं ते गादीवर तक्क्याला टेकून नुसते बसलेले असत, आणि पडद्यामागं माल बघणं, भाव ठरवणं, कारागिराला घडणावळ सांगणं हे सगळं बाईच करत. गिऱ्हाइकाच्या हातावर दागिना मात्र शामकांत ठेवत. तेवढा हात त्यांचा होता.

आणि सगळं अडलं होतं ते त्या हातापाशी. लग्नाच्या सोन्यात पहिला मान मंगळसूत्राचा. ते जिथून घेतलं तिथूनच पुतळ्या, बोरमाळ, ठुशी, पाटल्या घ्यायच्या, अशी रीत. आणि ते द्यायचं कसं, तर सराफानं तिजोरीतून काढायचं, गुलाबी कागद उलगडायचा, वाट्यांना कुंकू लावायचं आणि गिऱ्हाईक बाईच्या पदरात घालायचं. मंगळसूत्र गेलं की लग्नसराई गेली, लग्नसराई गेली की दुकान गेलं. नृसिंहांना हे पक्कं ठाऊक होतं. बाईंनाही होतं. समोरच्या श्रीमंतशेठ सराफांना तर इतकं ठाऊक होतं, की शामकांत गेल्यापासून त्यांनी आपल्या गादीवर नवा अभ्रा चढवून ठेवला होता.

नृसिंहांची योजना तयार होती. पुण्यात आता गाद्या जाऊन काचेची कपाटं आली आहेत, आपणही तसंच करू. दर्शनी छातीइतक्या उंचीचं लांब कपाट, त्यात वजनदार माल, मागं खुर्ची. खुर्चीवर, कचेरीतून रजा काढून, लग्नसराईपुरते नृसिंह. "आणि तुम्ही आतल्या खोलीत, पडद्यामागं. काटा तुमच्याकडेच राहील. दादांच्या वेळी होतं तसंच."

"दादांच्या वेळी तुमचे दादा बाहेर होते," बाई म्हणाल्या. "खुर्चीत तुम्ही एकदा बसलात की उठणार कधी, तेही सांगून ठेवा."

नृसिंहांना वाईट वाटलं. त्यांना नेहमीच वाईट वाटत असे.

पण काचेचं कपाट हा शब्द बाईंच्या डोक्यात राहिला. दोन दिवस त्या स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना वितीनं मापं घेत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली गादी गुंडाळून काढली, सगळी जमीन मोकळी केली आणि खडू घेऊन खाली बसल्या. इथं उंबरा, इथं खिडकी, इथून ऊन येतं. घरातले पाट आणून त्यांनी कपाटांच्या जागी मांडले. नृसिंहांच्या बायकोला, इंदूला, हाक मारली.

"तू गिऱ्हाईक. बाहेरून ये आणि बस."

इंदू लाजत आली आणि उंबऱ्याच्या आतच बसली.

"तिथं का बसलीस?"

"बायका तिथंच बसतात ना, वहिनी. आत पुरुष बसलेले असतात."

"पुरुष आहेत का आत्ता? पुढं ये. अजून पुढं. आता हात लांब कर. लागला हात पाटाला?"

"लागला."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि इंदूचा हात जिथं टेकला होता तिथं त्यांनी खडूनं फुली मारली.

संध्याकाळी नृसिंह कचेरीतून येऊन बघतात तो वहिनी खडूच्या रेघांमध्ये बसलेल्या. दाराशी चांदी: तोडे, वाळे, पैंजण, खेड्यातल्या बाईचा सगळा माल, जमिनीपासून हातभर उंच बसक्या कपाटात. खिडकीच्या उजेडात मधोमध मंगळसूत्रं, तीही बसूनच बघायची. बाकीचं सोनं बाईंच्या पाठीशी, भिंतीतल्या बंद कपाटात.

"आणि या मधल्या कपाटाचं झाकण तुमच्या बाजूनं?" नृसिंहांनी विचारलं.

"नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूनं."

नृसिंह हसले. मग त्यांना कळलं की वहिनी हसत नाहीयेत.

"उलटं कपाट? अहो, जगात कुठं दागिन्यांचं कपाट गिऱ्हाइकाकडं उघडतं? उचलून नेतील!"

"माझ्या हातून नको ना कुणाला? मग माझ्या हातून नाही. बाई स्वतः झाकण उघडेल, स्वतः वाट्या उचलेल, स्वतःच्या पदरात घालेल, कुंकू घरी जाऊन लावेल. मी समोर बसून नुसती बघेन. बघायला तर बंदी नाही?"

"आणि चोरी?"

"प्रत्येक जोडाला वेगळा खाचा. एक उचलला की खाचा रिकामा दिसतो. आणि झाकणाला घुंगरू बांधीन. तुमच्या खुर्चीपेक्षा घुंगरू स्वस्त आहे, भावजी."

लढाई नुकतीच संपली होती. कॅंपातलं सामान लिलावात निघत होतं, आणि साध्या बाजारात काच सोन्यासारखी दुर्मिळ झालेली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खाणावळीतली पेले ठेवायची दोन मोठी कपाटं लिलावात आल्याचं कळलं, तेव्हा बाई स्वतः टांग्यात बसून गेल्या. बोली लावणाऱ्या बाप्यांच्या गर्दीत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बघून लिलाववाला गोंधळला आणि त्यानं पुढची बोली पुकारायची विसरूनच हातोडा मारला, असं त्या पुढं हसून सांगत. काचा धुतल्या तरी त्यांना दारूचा वास येतो, असं इंदूचं म्हणणं होतं. बाईंनी त्या चिंचेच्या पाण्यानं तीनदा धुतल्या आणि म्हणाल्या, "आता वास येतोय तो तुझ्या नाकातला."

सुतारकामाला माळीवाड्यातला भिमाजी आला. माणूस कामाला चोख, पण त्याला बायकांकडून माप घ्यायची सवय नव्हती. चार दिवसांनी मधलं कपाट उभं राहिलं तर बिजागऱ्या गिऱ्हाइकाकडं आणि कुलूप बाईंकडं.

"भिमाजी, हे काय?"

"म्या नीटच केलंय, बाई. तुमी बोलताना उलटं बोल्लात."

"मी उलटं बोलले?"

"व्हय. भाऊसाहेब, तुमचं दीर, म्हनले, बायकांना डावंउजवं कळत न्हाई, तू आपलं रीतीनं कर."

बाईंनी श्वास घेतला. "भिमाजी, ही जागा माझी. हे लाकूड माझं. मजुरी कोण देणार?"

"तुमीच की."

"मग डावंउजवं पण माझंच. काढ त्या बिजागऱ्या."

भिमाजीनं बिजागऱ्या काढल्या आणि काढता काढता पुटपुटला, "लोक हसतील. म्हनतील, भिमाजीला कपाट करता येत न्हाई."

"माझं नाव सांग."

"त्येच सांगनार हाय," भिमाजी म्हणाला.

आतल्या अस्तराचा प्रश्न आला. काळ्या मण्यांच्या खाली हिरवी मखमल घातली तर मणी दिसत नाहीत. पिवळं घातलं तर वाट्या दिसत नाहीत. बाईंनी पेटी उघडली आणि आपला लग्नातला डाळिंबी शालू बाहेर काढला. कात्री चालायला लागली तशी इंदूच्या तोंडून किंकाळी निघाली.

"अहो वहिनी! शालू!"

"मला नेसू देणार आहेत का कुणी?"

"नाही, पण…"

"मग पेटीत कसरीला कशाला वाढायचा? पकड ते टोक."

डाळिंबी रेशमावर वाट्या अशा उठून दिसल्या की आतल्या खोलीतला कारागीर राधाकृष्णसुद्धा फुंकणी खाली ठेवून बघायला आला. मांडायच्या वेळी पुन्हा वाद झाला. नृसिंह म्हणाले, भरीव वाट्या पुढं ठेवा, आल्याबरोबर डोळे दिपले पाहिजेत. बाईंनी सगळ्यात हलक्या वाट्या पुढं मांडल्या आणि भरीव मागं सरकवल्या.

"ज्याला मोठं घ्यायचंय तो मान लांब करून बघतो आणि मोठ्यानं मागतो. लहान घ्यायचंय त्याला तोंडानं मागायची लाज वाटते. त्याला ते हाताशी सापडलं पाहिजे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझं मंगळसूत्र घेताना माझे वडील किती वेळ गप्प बसले होते, ते मी पाहिलंय."

माघात दुकान उघडलं. नृसिंहांनी रजा काढलीच होती. खुर्ची नाही म्हटल्यावर त्यांनी घरून एक स्टूल आणलं आणि ते मधल्या कपाटाशेजारी, गिऱ्हाइकांच्या बाजूला मांडलं. बाईंनी हरकत घेतली नाही. गिऱ्हाईक आलं की नृसिंह हात पुढं करत, "थांबा, मी काढून देतो." पण बायकांना एकदा झाकण उघडायची चटक लागली की त्या कशाला थांबतात! पहिली जरा बिचकली, दुसरीनं घुंगरू दोनदा वाजवून बघितलं, आणि तिसरीपासून बायकांचे हात नृसिंहांचा हात मागं सारू लागले.

"राहू द्या, भाऊसाहेब. मला घेता येतंय."

जन्मात पहिल्यांदा त्या बायका कुणी न काढून देता सोनं बघत होत्या. उचलत होत्या, ठेवत होत्या, गळ्याशी धरून एकमेकींना विचारत होत्या, हसत होत्या. मंगळसूत्र पदरात पडलं की बाई वळून भिंतीतलं कपाट उघडत, आणि मग पुतळ्या, बोरमाळा बाईंच्या हातूनच पुढं येत. त्याला कुणाची ना नव्हती. नृसिंह स्टुलावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहत. कधी कधी माश्या वारत.

एक गोष्ट मात्र बाईंच्या मनाला लागून होती. ती त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण स्वतःपासून कुठं लपवणार! रात्री सगळा माल तिजोरीत जायचा. सकाळी त्या दुकानात येत, दाराच्या फळ्या लावलेल्याच ठेवत, आणि फटीतून येणाऱ्या उजेडात एकेक मंगळसूत्र खाच्यात मांडत. सगळं मांडून झालं, झाकण बंद झालं, की मग फळ्या काढत. उघड्या दाराशी माल मांडू नये, चोराची नजर असते, असं त्या स्वतःला सांगत. पण चांदी त्या उघड्या दारातच मांडत होत्या. म्हणजे चोराचं कारण खोटं होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी दुकान भरलेलं होतं. वकिलीणबाई पुष्पावती आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी मागच्या रांगेतल्या भरीव वाट्या हातात घेतल्या होत्या. पलीकडं तिसगावची छबूबाई, तिची नणंद आणि नवरी मुलगी. छबूबाईच्या कपाळावर हिरवं गोंदण, हातात म्हैस हाकायची असावी तशी काठी. ती पुढच्या रांगेतलं एक डोरलं तळहातावर घेऊन बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली होती.

"तिकडचं दाखवू का?" नृसिंहांनी तिला विचारलं. "ते जास्त शोभेल."

"दावायचं कशाला? मला दिसतंय की," छबूबाई म्हणाली. "तुमी बसा निवांत."

पोरी फिदीफिदी हसल्या. पुष्पावतीबाईसुद्धा हसल्या. नृसिंहांचे कान लाल झाले, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"काढता तुम्ही स्वतः, खरं आहे. पण सकाळी आत मांडतं कोण, ते विचारा ना वहिनींना! विचारा!"

घुंगरूसुद्धा वाजायचं थांबलं. पुष्पावतीबाईंनी हातातल्या वाट्यांकडं पाहिलं, मग बाईंकडं.

इंदू मांडते, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. इंदू घरातली सवाष्ण, कुणी शंका घेतली नसती. ते नाव बाईंच्या अगदी जिभेवर आलं. मग त्यांना ती फटीतल्या उजेडातली सकाळ आठवली, आणि आपल्याच दुकानात आपण चोरासारखे वावरतो याची त्यांना किळस आली.

"मी मांडते," बाई म्हणाल्या. "रोज. या हातांनी. एकेक वाटी पुसून."

"बघा!" नृसिंह म्हणाले.

"बघाच. आणि या घडवतो कोण, तेही विचारा. राधाकृष्ण घडवतो. त्याच्या दोन बायका गेल्या. त्यानं वाट्या ओवल्या तर कुणाचं कुंकू पुसत नाही. त्याला आजवर कुणी विचारलंय का, बाबा, तुझा हात कसा आहे?"

आतून फुंकणीचा आवाज एकदम बंद झाला. राधाकृष्णाचं डोकं पडद्यातून बाहेर आलं, सगळ्यांकडं बघून पुन्हा आत गेलं.

पुष्पावतीबाईंनी वाट्या अलगद खाच्यात ठेवल्या. "राहू द्या आज," त्या म्हणाल्या. "यांना विचारून येते."

"आई, पण ह्याच छान होत्या," मुलगी म्हणाली.

"चल म्हटलं ना!"

त्या गेल्या. समोर श्रीमंतशेठ गादीवर सावरून बसले. छबूबाईची नणंद तिच्या पदराला हिसका देऊन म्हणत होती, "ठीव ते. ऊठ. पोरीच्या जल्माचा परस्न हाय."

छबूबाई उठली नाही. डोरलं तसंच मुठीत होतं.

"भाऊसाहेब," ती नृसिंहांना म्हणाली, "तुमी मगापासनं माज्या म्होरं बसलाव. माजं कपाळ बगितलं का?"

नृसिंहांनी बघितलं. गोंदणाखाली कुंकू नव्हतं.

"मालक गेल्याला लई वर्सं झाली. शेत म्या केलं, पोर म्या वाडवली, सोयरीक म्या जमवली. समोरच्या शेटकडं गेल्ते आदी. ते म्हनले, डोरलं घ्याया कुनी सवाशीन हाय का संगं? म्हंजी ह्या नणंदंच्या पदरात घालनार, आन् म्या लांबून बगायचं. माज्या लेकीचं डोरलं!" तिनं काठी जमिनीवर आपटली. "मग कुनी सांगितलं, देवकुळ्याच्या बाईचं कपाट आपल्याकडंच उगडतं. म्हनून आले. आता माजाच हात लागलाय ह्याला. त्येचं काय करता? धुता का?"

नृसिंहांनी स्टूल थोडं मागं ओढलं. बाई तिच्या मुठीकडं बघत राहिल्या. कपाट उलटं बसवताना त्यांनी फक्त आपल्या हाताचा विचार केला होता. झाकणाच्या पलीकडून असाही एक हात येईल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"आये, मला हेच पायजे," नवरी मुलगी हळूच म्हणाली.

"सोनं चोख हाय न्हवं?" छबूबाईनं बाईंना विचारलं.

"कस लावून दाखवते."

"वजन माज्या म्होरं करा. आन् घडनावळीत कायतरी कमी करा. येवडी तुमच्या बाजूनं भांडलेय म्या."

"घडणावळ कमी होणार नाही," बाई म्हणाल्या. "भांडलात ते तुमच्यासाठी."

छबूबाई खो खो हसली. "लई कडक बाई हाय!" नणंदेला ती म्हणाली आणि तिनं हात पुढं केला. डोरलं तिनं बाकीच्या बायकांसारखं काट्यात टाकलं नाही. ते बाईंच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी तोललं, कस लावला. मग वाट्यांना कुंकू लावायची वेळ आली. शामकांतांचा करंडा वर्षभर फळीवर पडून होता. बाईंनी तो खाली काढला, झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि दोन्ही वाट्यांना कुंकू लावलं. नृसिंहांनी मान फिरवली. छबूबाईनं पदर पसरला.

संध्याकाळी फळ्या लावताना नृसिंह म्हणाले, "आता ब्राह्मण आळीतलं एक गिऱ्हाईक येणार नाही. लिहून ठेवा."

"न येईना का. तिसगाव येईल."

"तिसगावच्या जिवावर दुकान चालतं का?"

"चालतं का नाही ते मी बघेन. भावजी, तुमची रजा उरली आहे ना थोडी? वाया घालवू नका. कचेरीत जा. आणि जाताना ते स्टूल घेऊन जा, इंदूला फळीवरचे डबे काढायला लागतं."

ब्राह्मण आळीतलं गिऱ्हाईक त्या वर्षी खरंच तुटलं. पुष्पावतीबाईंनी मुलीचं सगळं सोनं श्रीमंतशेठकडून घेतलं. बाईंना ते लागलं. नाही लागलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण कपाट त्यांनी सुलटं केलं नाही.

छबूबाई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नेहमीसारख्या दुकानात आल्या. कुलूप काढलं. आज त्यांनी आधी फळ्या काढल्या, सगळ्या, आणि भिंतीला उभ्या केल्या. रस्त्यावर ऊन आलं होतं. दूधवाले, शाळेतली पोरं, देवळातून परतणाऱ्या बायका जात येत होत्या. बाईंनी तिजोरी उघडली, मंगळसूत्रांचं तबक आणून कपाटाशेजारी ठेवलं, आणि या बाजूला येऊन, गिऱ्हाईक बसतं तिथं, रस्त्यावरून हात दिसतील अशा, अंग तिरकं करून बसल्या. झाकण उघडलं. घुंगरू वाजलं. पहिल्या वाट्या पुसून त्यांनी खाच्यात ठेवल्या.

समोर श्रीमंतशेठ दातवण करत ओट्यावर उभे होते. ते बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"वहिनी," त्यांनी पलीकडून हाक मारली, "फळ्या तरी ओढून घ्या. सगळं गाव बघतंय."

बाईंनी दुसरा जोड उचलला आणि उजेडात धरून पुसला.

"बघू दे की, शेठ," त्या म्हणाल्या. "काचेचं उगाच केलंय का?"